गोंडांचे नाव लागलेला दगड

नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजच्या खाणींत ‘गोंडाइट’ नावाचा खडक आढळतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील एल. एल. फर्मोर यांनी मध्य प्रांतातील गोंड समाजावरून त्याचे हे नामकरण केले. खाणींवरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ १९०९ चा. नाव जगभर गेले. खनिजही गेले, पण त्याचा हिशेब निराळा आहे. #थ्रेड

मँगनीजवाचून पोलाद नाही. युरोपातील कारखान्यांना ते रशियातून मिळे. १८९६ मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी उभी राहिली आणि १९०० च्या सुमारास रामटेकजवळच्या मनसर-कांद्रीच्या टेकड्या खोदल्या जाऊ लागल्या. १९०५ च्या क्रांतीने रशियाचा पुरवठा विस्कळीत झाला, तशी इथल्या दगडाची मागणी वाढली. १९३३ मध्ये खुले झालेले विशाखापट्टणम बंदर बांधण्यामागेही मध्य प्रांताचे मँगनीज हे मोठे कारण होते.

हा दगड कोणाचा? १८६० च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली. खनिजांवरचा हक्क मात्र सरकारकडे राहिला. मालगुजारालाच जिथे हक्क नाही, तिथे त्याच्या कुळाला कोण विचारतो! स्वामित्वधन सरकारला, नफा इंग्लंडमधल्या भागधारकांना. गावाला मिळाली ती खनिज फोडण्या-निवडण्याची रोजंदारी, उघडे खड्डे आणि काळी धूळ.

ही धूळ साधी नव्हे. ग्लासगोचे डॉक्टर कूपर यांनी १८३७ मध्येच मँगनीज दळणाऱ्या कामगारांचा आजार नोंदवला होता : पायांतील बळ जाते, माणूस पुढे झुकून चालतो, आवाज क्षीण होतो. मनसरला पहिली कुदळ पडण्याच्या साठ वर्षे आधी हे छापून आले होते. भारतात मज्जासंस्थेवर परिणाम करणारी मँगनीजची विषबाधा खाण कायद्याखालील अधिसूचित रोगांत आली ती १९५२ मध्ये.

१९६२ मध्ये ब्रिटिश कंपनीची मालमत्ता घेऊन ‘मॉईल’ स्थापन झाली. मुख्यालय नागपूर. तरीही ४९ टक्के भाग जुन्या कंपनीकडेच होते. ते १९७७ मध्ये सरकारने घेतले. मालक बदलला, पण खाणीशेजारच्या गावाचा वाटा कायद्यात कुठेच नव्हता.

तो आला २०१५ मध्ये. खाण कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने अस्तित्वात आली. जुन्या खाणपट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम तिथे भरायची आणि ती खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणावर खर्चायची, असे ठरले. मनसरचे खोदकाम सुरू होऊन तोवर शतक उलटले होते.