दुसरे महायुद्ध : दोष कोणाचा?

कोल्हापूरच्या पूर्वेस, गडमुडशिंगीच्या शेजारी असलेल्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० लोकांच्या या वसाहतीत स्त्रिया व मुलांची संख्या मोठी होती. शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह अशा सोयी तेथे होत्या. हे निर्वासित हिटलरच्या सैन्यापुढून पळून आले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना सोव्हिएत सत्तेने घराबाहेर काढले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभाचा दोष कोणत्या महासत्तेकडे जातो, या वादाचा एक धागा त्यामुळे थेट करवीर तालुक्यापर्यंत पोहोचतो.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी व सोव्हिएत संघ यांनी अनाक्रमण करार केला. त्याला जोडलेल्या गुप्त मसुद्यात पूर्व युरोपची वाटणी ठरली होती. १ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्याने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनी सोव्हिएत संघावरच उलटला, तेव्हा पोलंडच्या निर्वासित सरकारशी तडजोड होऊन या बंदींची सुटका झाली. त्यांतील काही कुटुंबे १९४२ मध्ये इराणमध्ये आणि तेथून पुढे हिंदुस्थानात आली.

न्यूरेंबर्ग येथील खटल्यात (१९४५-४६) आक्रमक युद्धाचा दोष जर्मन नेत्यांवर सिद्ध झाला. मात्र न्यायासनावर सोव्हिएत न्यायाधीशही होते, आणि गुप्त मसुद्याला निकालपत्रात स्थान मिळाले नाही. ब्रिटिश इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी १९६१ मध्ये हिटलरची आखीव योजना नाकारून ब्रिटन व फ्रान्सच्या मुत्सद्देगिरीतील चुकांवर बोट ठेवले. त्यांच्या या मतावर कडाडून टीका झाली.

रशियाकडून प्रामुख्याने सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक कराराचा दाखला दिला जातो. ब्रिटन व फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडू दिला, पोलंडनेही त्याच वेळी टेशेनचा प्रदेश घेतला, आणि मग स्टालिनला वेळ मिळवणे भाग पडले, असा हा युक्तिवाद आहे. गुप्त मसुद्याचे अस्तित्व मॉस्कोने दीर्घकाळ नाकारले. डिसेंबर १९८९ मध्ये सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने तो मान्य करून त्याचा निषेध केला. तरीही वाद मिटला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय संसदेने या कराराने युद्धाची वाट मोकळी केली, असा ठराव केला. जून २०२० मध्ये रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी लेख लिहून पुन्हा म्युनिककडे निर्देश केला.

या वादात तीन प्रश्नांची गल्लत होते : युद्ध कोणी सुरू केले, त्यात कोण सामील झाले आणि ते कोणी रोखले नाही. पहिल्याचे उत्तर जर्मनी हेच आहे. दुसऱ्यात सोव्हिएत संघाचा वाटा टाळता येत नाही, तर तिसऱ्यात ब्रिटन व फ्रान्स येतात. म्युनिकची चूक मान्य केल्याने १७ सप्टेंबरचे आक्रमण पुसले जात नाही. आणि सोव्हिएत सहभाग दाखवल्याने जर्मनीचा दोष हलका होत नाही.

वळिवड्याच्या निर्वासितांची परवड युद्धानंतरही संपली नाही. १९४५ मध्ये याल्टा येथे ब्रिटन व अमेरिकेने पूर्व पोलंडवरील सोव्हिएत ताबा मान्य केला. अनेकांचे गाव परदेशात गेले आणि कित्येक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगली. रिकाम्या छावणीत फाळणीमुळे बेघर झालेले सिंधी बांधव आले. तेच आजचे गांधीनगर. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांच्या वास्तव्याचे स्मारक उभे आहे.