यवतमाळकडील औषधांच्या वह्या

औषध सांगणारा एक आणि देणारा दुसरा, ही विभागणी आपल्याकडे अर्वाचीन होय. पूर्वीं वैद्य नाडी पाही व मात्राही स्वतःच देई. वणी जिल्हा, ज्यास १९०५ पासून यवतमाळ हें नांव मिळालें, तेथें इंग्रजी अमदानींत सरकारी दवाखाने निघाले व त्यांबरोबर कंपाउंडर आला. डॉक्टरानें चिठ्ठी लिहावी, यानें औषध सिद्ध करावें. १९४८ च्या फार्मसी कायद्यानें या कामास नोंदणी लाविली. मात्र पहिल्या नोंदणीपटांत पांच वर्षें औषधें मिसळण्याचा अनुभव असलेल्यांसही प्रवेश ठेविला. २०१५ च्या नियमावलीनें रोग्यास औषध समजावून सांगणें हें फार्मासिस्टाचें कर्तव्य ठरविलें. पण विलायतेंत २००६ पासून मिळालेला औषधयोजनेचा स्वतंत्र अधिकार येथें दिला नाहीं.

कायदा असा, व्यवहार कसा होता, हें दुकानांच्या वह्याच सांगतील. परंतु १९४५ च्या नियमांप्रमाणें चिठ्ठीवरील विक्रीची नोंद दोन वर्षें, आणि २०१४ पासून 'एच-१' परिशिष्टांतील औषधांची तीन वर्षें ठेविली म्हणजे पुरे. पुढें ती रद्दींत जाते. शिवाय दुकानदारानें स्वतः सुचविलेलें औषध त्या नोंदींत येत नाहीं. तें सांपडलें तर उधारीच्या खातेवहींत सांपडेल. यास्तव वैद्यांचीं बाडें जपणाऱ्या संग्राहकांनीं दारव्हा, पुसद, वणी येथील जुन्या दुकानांच्या खातेवह्याही, रोग्यांचीं नांवें गुप्त राखून, वेळींच हस्तगत कराव्या.