बोळिंजच्या लग्नातील होकार

बोळिंजला ख्रिस्ती लग्नघरी गेले, की कानी पडतात ती सामवेदी बोलीतली गाणी. मांडव, वऱ्हाड, मानपानाची कुरबुर, सारे आपल्या ओळखीचे. मग या लग्नात ख्रिस्ती ते काय?

आपला समज असा, की भटजी लग्न लावतात तसे पाद्रीही लावतो. कॅथलिक मत निराळे आहे. तेथे संस्कार देणारे वधूवर स्वतःच; धर्मगुरू हा चर्चच्या वतीने साक्षी. दोघांचा मोकळा होकार नसेल, तर वाजंत्री कितीही वाजोत, लग्न झालेच नाही. आणि तो खरा असेल, तर ही गाठ मरणापर्यंतची. कारण संत पौलाने पतिपत्नीच्या नात्याला ख्रिस्त आणि त्याचे चर्च यांच्या नात्याची उपमा दिली आहे.

पूर्वी युरोपात हा होकार एकांतात दिला तरी चाले. पुढे पुरुष कानांवर हात ठेवी आणि बाई उघड्यावर पडे. म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरविले, की होकार धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदारांसमोरच द्यावा. धन्यांनी रयतेवर लग्नाची बळजबरी केल्यास बहिष्कार! वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. बोळिंजशेजारी नंदाखालचे चर्च १५७३ साली उभे राहिले, तेव्हा हा नियम अवघा दहा वर्षांचा होता. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने, बाकी विधी लॅटिनमध्ये असले तरी, होकाराचा प्रश्न मात्र लोकांच्या भाषेत विचारावयास लावला. आपल्या घराण्यात किती मुलींना असा प्रश्न चारचौघांत विचारला गेला, हे ज्याने त्याने आपल्या आजीला विचारून पाहावे.

पण त्याच राजवटीने हातात दंडाही घेतला. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने लग्नातील ओव्या, विडे, हळद यांवर बंदी घातली. वास्तविक यांतले काहीच होकाराच्या आड येत नव्हते. हा धर्मापेक्षा सत्तेचाच हट्ट, असे आम्हांस वाटते. हा हुकूम निघून तीन वर्षे होतात न होतात, तोच १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तो दंडा येथे उगारणारा हातच उरला नाही.

पुढे १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने स्थानिक लग्नरीती राखण्यास मोकळीक दिली. अट एकच घातली: धर्मगुरूने वधूवरांचा होकार विचारून घेतलाच पाहिजे.