राजनिष्ठेचा दाखला आणि नागपूरकर भोसले

आपल्या कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हानकाठी वसविली. भोसल्यांच्या राजधानीवर नजर ठेवणारे हे ठाणे पुढे त्या घराण्याच्या भाग्याचेही साक्षी झाले.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात गेले. जून १८५७ मध्ये नागपूरच्या रिसाल्याने उठावाचा बेत रचला, तेव्हा वृद्ध बांकाबाईंनी आपल्या माणसांस आवरले. कामठीच्या मद्रासी पलटणीही इंग्रजांकडेच राहिल्या व बेत फसला. या राजनिष्ठेबद्दल १८६१ मध्ये दत्तकपुत्र जानोजींस ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताब मिळाला. राज्य मात्र परतले नाही. आणि किताब पाहावयास बांकाबाईही उरल्या नव्हत्या.

अमेरिकेतून परागंदा झालेल्या राजनिष्ठांनीही १७८३ नंतर सेनाधिकाऱ्यांचे दाखले जोडून जप्त मालमत्तेची भरपाई मागितली. पदरी पडली ती मागणीहून पुष्कळच कमी.

दाखल्याने गेलेले सर्व परत येत नाही. परंतु दाखल्यावाचून गाऱ्हाणेही कोणी ऐकत नाही. म्हणून ज्ञातिबांधवांनी घरातील जुन्या सनदा व कागद वाळवीच्या स्वाधीन न करता जतन करावेत, ही नम्र विनंती.