कॅमेरा घेताना काय बघायचं: टिकाऊपणा, फोटोची क्वालिटी की किंमत?

कॅमेरा घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "किती मेगापिक्सेलचा घेऊ?" दुसरा येतो, "कितीला पडेल?" पण "तो माझ्या वापरात टिकेल का?" हे फारसं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्याची किंमत दोनदा मोजली.

पहिल्या वेळी पैसे साठवून डीएसएलआर घेतला. फोटो छान यायचे. जुलैमध्ये राजमाचीला गेलो, भर पावसात पाच-दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढला, आणि संध्याकाळी तो चालूच होईना. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीचा खर्च ऐकून तो नाद सोडला.

मग चिडून दुसरं टोक गाठलं. वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट कॅमेरा घेतला. पाण्यात बुडवला, हातातून पडला, त्याला काही झालं नाही. पण बहिणीच्या हळदीला रात्री मांडवात काढलेले फोटो दाणेदार आले, चेहरे मेणासारखे दिसत होते. आईला मोठा करून भिंतीवर लावायला एकही फोटो देता आला नाही. कॅमेरा पुन्हा घेता येतो, हळद पुन्हा होत नाही.

या दोन चुकांमधून जे शिकलो ते या लेखात सांगतो.

फोटोची क्वालिटी कशावर ठरते?

मेगापिक्सेलवर कमी, सेन्सरच्या आकारावर आणि लेन्सवर जास्त. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० × ३००० पिक्सेल. त्यातून ३०० डीपीआयने सुमारे १३ × १० इंचांची प्रिंट निघते. घरच्या अल्बमला एवढं भरपूर झालं.

सेन्सरचं मात्र तसं नाही. सेन्सर जितका मोठा, तितका तो जास्त प्रकाश गोळा करू शकतो, आणि कमी उजेडात दाणे कमी येतात. नेहमी दिसणारे आकार असे:

- फुल फ्रेम: ३६ × २४ मिमी
- एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मिमी (कॅननचा किंचित लहान)
- मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी
- १ इंची: १३.२ × ८.८ मिमी
- १/२.३ इंची: साधारण ६.२ × ४.६ मिमी

शेवटचा आकार बहुतेक टफ आणि स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत असतो. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर एपीएस-सी त्याच्या सुमारे १३ पट आणि फुल फ्रेम ३० पट मोठा आहे. भर उन्हात काढलेला फोटो मोबाईलवर बघताना हा फरक फारसा जाणवत नाही. मांडवात, गाभाऱ्यात किंवा संध्याकाळच्या घाटात लगेच जाणवतो.

मग टफ कॅमेऱ्यात मोठा सेन्सर का घालत नाहीत? कारण मोठ्या सेन्सरला मोठी लेन्स लागते. झूम करताना पुढे सरकणारी लेन्स असली की तिथे फट येते, आणि ती सील करणं अवघड व महाग. म्हणून टफ कॅमेऱ्यात झूमची लेन्स अंगातच आडवी बसवलेली असते. एवढ्याशा जागेत छोटाच सेन्सर मावतो. म्हणजे टिकाऊपणा आणि क्वालिटी यांची ही ओढाताण रचनेतच आहे.

'टिकाऊ' म्हणजे नेमकं काय?

इथे दुकानदार आणि जाहिराती सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. तीन गोष्टी वेगळ्या समजून घ्या.

१. वॉटरप्रूफ: हा पाण्याखाली नेता येतो. ओएम सिस्टम टीजी-७ हा २०२३ मध्ये आलेला टफ कॅमेरा घ्या. १५ मीटर खोल पाणी, २.१ मीटर उंचीवरून पडणं, १०० किलोपर्यंतचा दाब आणि उणे १० अंश थंडी, असं कंपनी सांगते. सेन्सर १/२.३ इंची गटातला, १२ मेगापिक्सेलचा.

२. वेदर-सील्ड: पाऊस, शिंतोडे आणि धूळ सोसतो. पाण्यात बुडवला तर संपला. बऱ्याच कंपन्या नुसतं 'वेदर रेझिस्टंट' लिहितात, आकडा देत नाहीत.

३. सील नसलेला: सुरुवातीच्या किमतीचे बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस यात येतात. माझा पहिला कॅमेरा याच गटातला होता.

आकडा दिलेला असेल तर तो आयपी रेटिंगमध्ये असतो. पहिला अंक धुळीसाठी, ० ते ६. दुसरा पाण्यासाठी, ० ते ९. उदाहरणार्थ, ओएम-५ ला आयपी५३ रेटिंग आहे. ५ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी संरक्षण, ३ म्हणजे वरून आणि तिरपा येणारा पाण्याचा फवारा चालेल. बुडवणं चालणार नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल तर पाणी लेन्सच्या जोडातून आत जातं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स सील्ड आहे का, हे विचारूनच पैसे द्या. दुसरं, आयपी चाचणी गोड्या पाण्यात होते. तारकर्लीच्या समुद्रातून बाहेर आल्यावर वॉटरप्रूफ कॅमेरासुद्धा गोड्या पाण्यात बुडवून धुवावा लागतो, नाहीतर मीठ सीलवर बसतं. रबरी सीलही कालांतराने बदलावी लागते.

आपल्याकडचा खरा शत्रू: दमट हवा

पाण्यात पडून कॅमेरा जाणं तसं क्वचितच होतं. कोकणात किंवा मुंबईत कॅमेरे खराब होतात ते कपाटात. पावसाळ्याचे चार महिने बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि फोटो धुरकट येतात. वेळेत साफ केली नाही तर काचेवरचं कोटिंग कायमचं खराब होतं. सीलिंगमुळे हा धोका टळत नाही.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा मीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. बजेट असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका, तांदळाची भुकटी आत जाते.

सेकंडहँड घेताय? शटर बघा

यांत्रिक शटर झिजतं. कंपन्या त्याचं आयुष्य क्लिकमध्ये सांगतात. निकॉन डी३५०० साठी १ लाख, कॅनन ५डी मार्क ४ साठी दीड लाख, निकॉन डी८५० साठी २ लाख. घरगुती वापरात एवढे क्लिक व्हायला वर्षं लागतात, पण लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडचा कॅमेरा दोन-तीन सीझनमध्येच तिथे पोचू शकतो. म्हणून शटर काउंट विचारा, आणि लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा.

किमतीचा खरा हिशोब

बिलावरची रक्कम म्हणजे पूर्ण किंमत नव्हे. त्यात लेन्स, बॅग, जास्तीची बॅटरी, ड्राय बॉक्स आणि शक्य असेल तर विमा धरा. मग एक साधा प्रश्न स्वतःला विचारा: माझे दहापैकी किती फोटो पाण्यात-पावसात असतात, आणि किती कमी उजेडात?

- पोहणं, स्नॉर्केलिंग, लहान मुलांच्या हातात द्यायचा: टफ कॅमेरा. रात्रीच्या फोटोंची अपेक्षा ठेवू नका.
- पावसाळी ट्रेक, जंगल, पक्षी: सील्ड बॉडी आणि सील्ड लेन्स. नव्याला बजेट पुरत नसेल तर जुनी पण सील्ड बॉडी बघा. पेंटॅक्सच्या अनेक मध्यम किमतीच्या बॉडी सील्ड आहेत आणि त्यांना सील्ड किट लेन्सही मिळते.
- घरचे समारंभ, प्रवास, पोर्ट्रेट: साधा एपीएस-सी कॅमेरा आणि उरलेले पैसे चांगल्या लेन्समध्ये. पावसासाठी रेन कव्हर. बॉडी जुनी होते, चांगली लेन्स पुढच्या बॉडीलाही चालते.
- फोटोवरच पोट असेल तर: दोन मध्यम कॅमेरे एका महागड्या कॅमेऱ्यापेक्षा बरे. एक बंद पडला तरी काम थांबत नाही.

मी आता काय वापरतो? जुना एपीएस-सी मिररलेस, त्याला एक चांगली लेन्स, आणि बॅगेत कायम एक रेन कव्हर. मुसळधार पाऊस आला की कॅमेरा आत आणि मोबाईल बाहेर. तो टफ कॅमेरा भाच्याला देऊन टाकला, तो विहिरीत पोहताना वापरतो आणि खूश आहे. चूक कॅमेऱ्याची नव्हती, मी तो चुकीच्या कामाला लावला होता.

तेव्हा दुकानात जाण्याआधी तुमच्या मोबाईलमधले मागच्या वर्षभराचे फोटो चाळा. कुठे, कधी आणि कोणत्या उजेडात फोटो काढता ते तिथेच दिसेल, आणि कोणता कॅमेरा घ्यायचा तेही.