आत्याहून धाकटा काढा

गेल्या वर्षी माझा आतेभाऊ सिंगापूरहून आला, तेव्हा त्याने आत्यासाठी एक औषधाचा खोका आणला. आत्याला रक्तदाब आहे. अधूनमधून चक्कर येते, हात थरथरतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. खोक्यावर नाव होते 'थिएनमा गोउथेंग'. "दोन हजार वर्षांपूर्वीचं चिनी औषध आहे," असे भाऊ सांगून गेला. आठ दिवसांनी मी तिच्याकडे गेलो, तर रक्तदाबाच्या गोळ्या देव्हाऱ्याखालच्या खणात जाऊन पडलेल्या. "इतकं जुनं आहे, म्हणजे कितीकांनी पारखलेलं असणार," हे तिचे म्हणणे. तिच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्या पुन्हा सुरू करवल्या आणि मी त्या औषधाचे वय शोधायला बसलो.

त्यामागची कल्पना खरोखरच प्राचीन आहे. हान काळाच्या आसपास आकाराला आलेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात थरकाप आणि चक्कर ही वाऱ्याची लक्षणे मानली आहेत आणि त्यांचा संबंध यकृताशी जोडला आहे. वारा दिसत नाही, पान हलले की कळतो. तसेच हात हलला, डोके गरगरले की आतला वारा सुटला असे समजावे. मराठी माणसाला हे परके वाटू नये. पक्षाघात झाला की आपण 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो. चिनी भाषेत त्याच विकाराचे नाव 'जोंगफेंग', म्हणजे वाऱ्याचा तडाखा.

ज्या दोन वनस्पतींवरून काढ्याला नाव पडले, त्याही जुन्या. थिएनमा हा एका ऑर्किडचा कंद. या ऑर्किडला हिरवी पाने नसतात. ते जमिनीतल्या बुरशीवर जगते आणि त्याचा तांबूस दांडा बाणासारखा सरळ वर येतो. वारा असताना तो हलत नाही आणि नसताना आपोआप डोलतो, अशी तिकडच्या जुन्या निघंटूंची समजूत. वाऱ्यावरचा उपाय म्हणून त्याची निवड का झाली असेल, ते यावरून ध्यानात यावे. गोउथेंग म्हणजे एका वेलीचे आकडे. लहान मुलांच्या आकडीवर ते पूर्वापार देत आले आहेत.

पण ही कृती? अकरा द्रव्यांचा हा काढा सापडतो तो हू ग्वांग-त्सी या वैद्याच्या पुस्तकात, आणि ते पुस्तक १९५८ सालचे आहे. हू यांनी तो चक्क 'उच्च रक्तदाबाच्या डोकेदुखी'साठी सांगितला. दुचोंगची साल, हुआंगछिनचे मूळ अशी काही द्रव्ये त्यांनी का निवडली, याचे कारणही त्यांनी दिले: प्रयोगांत ती रक्तदाब उतरवतात असे दिसले होते. म्हणजे नजर एकीकडे यकृतातल्या वाऱ्यावर आणि दुसरीकडे पाऱ्याच्या यंत्रावर.

हे एकाएकी घडले नाही. जपानमध्ये शिकलेल्या यू यान या डॉक्टरने १९२९ मध्ये जुनी वैद्यकी मोडीत काढण्याचा प्रस्ताव नानजिंग सरकारच्या आरोग्य मंडळापुढे मांडला, तेव्हा १७ मार्चला देशभरचे वैद्य शांघायमध्ये जमले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. वैद्यकी वाचली, पण आपण अडाणी नाही हे सिद्ध करण्याचे ओझे तिच्या माथी आले. त्याआधीच झांग शीचुन (१८६०–१९३३) यांनी जोंगफेंगची सांगड पाश्चात्त्यांच्या मेंदूतील रक्तसंचयाशी घालून वारा शमवणारा स्वतःचा काढा रचला होता. एका काढ्याबरोबर तर ते ॲस्पिरिनही देत. पुढे १९५६ मध्ये बेजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि छंगदू येथे पारंपरिक वैद्यकाची सरकारी महाविद्यालये निघाली. त्यांना पाठ्यपुस्तके हवी होती, ठरीव कृती हव्या होत्या. हू यांचा काढा त्या पाठ्यपुस्तकांत रुळला आणि पुढे प्राचीन काढ्यांच्या पंगतीला बसून तोही प्राचीन झाला.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. जुनी द्रव्ये नव्या प्रश्नासाठी मांडणे हेच तर परंपरा जिवंत असल्याचे लक्षण. पण 'हजारो वर्षांचे' हा शिक्का बसला की दोन गोष्टी हरवतात. एक, विचार करणारा माणूस. हू ग्वांग-त्सी हे नाव त्या खोक्यावर कुठेच नव्हते. दुसरी, प्रश्न विचारण्याची मुभा. १९५८ च्या औषधाला 'तुझा पुरावा काय?' असे आपण सहज विचारतो. दोन हजार वर्षांच्या औषधापुढे हात जोडतो आणि गोळ्या खणात टाकतो. ज्या काढ्याच्या कर्त्याने स्वतः रक्तदाबाचा विचार केला होता, त्याच्यासाठी आत्याने रक्तदाबाच्या गोळ्या सोडाव्यात, हा विरोधाभास मला फार लागला.

हे सगळे मी तिला सांगितले. आत्याचा जन्म १९४७ चा. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटं की रे ते!" मग खोका माझ्या हातात देत म्हणाली, "पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखव. ते हो म्हणाले तर घेईन."