एल्क कोणाचा?

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय आम्हीच निवडावा असे कळविले, तेव्हा आम्ही बोनसवर नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलणार असा त्यांचा समज झाला असावा. अमेरिकेतील शिकारीच्या चिठ्ठ्यांवर बोलणार, असे सांगताच ते थोडा वेळ गप्प राहिले. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि बंदूक आम्ही हातात धरलेली नाही. परंतु कारखान्याच्या फाटकावर ‘हा इथला’ आणि ‘तो बाहेरचा’ हे शब्द आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. या दोन शब्दांचा कायद्याच्या काट्यावर इतका बारीक हिशेब अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांखेरीज दुसरीकडे झालेला आमच्या वाचनात नाही.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीचा प्रश्नच बहुतेक मिटविला, म्हणून प्रथम वस्तू समजून घेऊ. तिकडे शिकाऱ्यास परवाना लागतोच, परंतु मोठ्या जनावरासाठी आणखी एक ‘टॅग’, म्हणजे चिठ्ठी, घ्यावी लागते. जनावर पडले की ती त्यास बांधायची. एक चिठ्ठी, एक जनावर. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. यंदा कोणत्या डोंगरात किती एल्क मारू द्यायचे ते राज्याचे खाते ठरविते. चिठ्ठ्या थोड्या आणि मागणारे फार झाले, की म्हाडाच्या घरांसारखी सोडत काढतात. सोडतीपूर्वीच चिठ्ठ्यांची वाटणी होते : इतक्या राज्यातल्या रहिवाशांस, इतक्या बाहेरच्यांस. रहिवासी कोण, यालाही माप आहे. मॉन्टानात 180 दिवस राहिले की पुरते, वायोमिंगमध्ये सबंध वर्ष लागते.

हा अधिकार राज्याला कोठून आला? इंग्लंडात रानातले हरीण राजाचे असे. अमेरिकेत राजा गेला आणि त्याच्या जागी ‘राज्याचे लोक’ आले. 1876 साली व्हर्जिनियाच्या नदीत कालवे लावणाऱ्या मेरीलँडच्या माणसास दंड झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. नदीचे पात्र व्हर्जिनियाच्या लोकांची सामाईक मालमत्ता, असे त्याचे कारण. 1896 साली कनेक्टिकटच्या एका खटल्यात न्यायालयाने शिकारीच्या पक्ष्यांबाबतही तोच न्याय लावला. राज्यातले पशुपक्षी हे त्या राज्याच्या जनतेच्या ठेव्यासारखे ठरले.

पुढे 1948 साली दक्षिण कॅरोलिनाने कोळंबी धरण्याच्या परवान्याचा दर लावला होता तो पाहा. आपल्या राज्यातल्या होडीस 25 डॉलर, बाहेरच्या होडीस 2,500. शेजारच्या जॉर्जियातले कोळी न्यायालयात गेले आणि जिंकले. न्यायालयाने सांगितले की मालकीची ही भाषा हे एक कल्पित आहे. परका माणूस पोट भरण्यासाठी आला असेल, तर केवळ परका म्हणून त्याची वाट अडविता येणार नाही. हा निकाल प्रथम वाचला तेव्हा आम्ही पान दुमडून ठेवले होते.

एल्कांचा निकाल लागला तो 1978 साली, मॉन्टानाच्या बाल्डविन खटल्यात. 1976 च्या हंगामात मॉन्टानाचा रहिवासी केवळ एल्कचा परवाना 9 डॉलरला घेऊ शके. बाहेरच्यास अस्वल, हरीण, पक्षी आणि मासेमारी यांच्या जोडीनेच एल्क घ्यावा लागे, आणि ती मोट 225 डॉलरची. तीच सगळी मोट रहिवाशास 30 डॉलरला मिळे. शिवाय बाहेरच्यांची संख्या 17,000 वर बांधलेली. एक वाटाड्या आणि मिनेसोटाचे काही शिकारी यांनी दावा लावला. सहा विरुद्ध तीन मतांनी ते हरले. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा मुद्दा असा, की बाहेरच्या माणसाची एल्कची शिकार ही करमणूक आहे, तिच्यावर त्याचे पोट चालत नाही. मौजेसाठी येणाऱ्या पाहुण्यास यजमानाने ताटात किती वाढावे, हा यजमानाचा प्रश्न. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत दिले. एल्क कमी होण्यास बाहेरचेच विशेष कारण आहेत हे राज्याने दाखवावे, मग भेद करावा, असे ते म्हणाले.

आम्हांस ब्लॅकमन यांची रेषा पटते, म्हणजे पोट एका बाजूस आणि मौज दुसऱ्या बाजूस. परंतु वकिलांनी ती लवकरच पुसट केली. दुसऱ्याच वर्षी, ओक्लाहोमातील बारीक माशांच्या खटल्यात, न्यायालयाने 1896 चा निकाल उलथवून टाकला. मग 2002 साली व्यावसायिक शिकारी आणि वाटाडे ॲरिझोनाच्या 10 टक्के मर्यादेविरुद्ध अपील न्यायालयात गेले. शिंगांचा आणि कातड्याचा व्यापार चालतो, म्हणून हा राज्याराज्यांतील व्यापाराचा प्रश्न आहे, असे त्यांनी मांडले आणि न्यायालयाने ते मानले. पश्चिमेकडील राज्ये हादरली. 2005 साली सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने काँग्रेसने कायदा करून हा अधिकार राज्यांच्या हाती पुन्हा दिला. हे कलम कोठे घातले? युद्धाचा खर्च आणि त्सुनामीग्रस्तांची मदत यांच्या तातडीच्या विधेयकात! आपल्याकडेच असे होते अशी आमची समजूत होती.

त्यानंतर टक्क्यांचे युग आले. वायोमिंगने 2022 साली कायदा करून मूस आणि रानमेंढा यांच्या चिठ्ठ्यांतील बाहेरच्यांचा वाटा घटवून 10 टक्क्यांवर आणला. न्यू मेक्सिकोची वाटणी विशेष पाहण्यासारखी आहे. रहिवाशांस 84 टक्के, बाहेरच्यांस 6 टक्के, आणि उरलेले 10 टक्के वाटाड्याशी करार करून येणाऱ्यांस. ज्याने मध्यस्थ गाठला त्याची रांग निराळी! मुकादमाच्या हातून आलेल्यास फाटक लवकर उघडते, हे आम्ही जन्मभर पाहिले. वायोमिंगात तर केंद्राने राखलेल्या निर्जन रानात बाहेरच्या शिकाऱ्यास वाटाड्या किंवा रहिवासी सोबती घेतल्यावाचून मोठी शिकार करता येत नाही. तोच माणूस पाठीवर पिशवी टाकून त्याच रानात नुसता चालत गेला, तर त्यास कोणी विचारीत नाही. मग रानाचे भय शिकारीपुरतेच कसे?

शिवाय जमीन कोणाची, हे पाहा. वायोमिंगची जवळजवळ निम्मी जमीन केंद्राची, म्हणजे न्यूयॉर्कच्या हमालाचीही आहे. एल्क राज्याचा, आणि तो चरतो ते गवत सबंध देशाचे. खात्याची तिजोरी भरण्यातही बाहेरच्यांच्या चढ्या दराचा हात मोठा. रहिवासी म्हणतात, हिवाळ्यात हेच कळप खाली उतरून आमच्या गंजीतले गवत खातात, ते कोण सोसतो? या प्रश्नाला हमालाजवळ उत्तर नाही, हेही आम्ही मान्य करतो. म्हणून रहिवाशांस मोठा वाटा असावा हे आम्हांस पटते. वाटाड्याचा वाटा मात्र पटत नाही.

या सगळ्या हिशेबात एक माणूस कोणत्याच रकान्यात बसत नाही. 1896 सालीच सर्वोच्च न्यायालयाने दुसरा एक निकाल दिला होता. बॅनक जमातीच्या रेस हॉर्सने सात एल्क मारले म्हणून वायोमिंगने त्यास धरले. 1868 च्या तहाने मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकारीचा हक्क दिला आहे, असे तो म्हणाला. 1890 साली वायोमिंग राज्य झाले तेव्हा तो हक्क संपला, असे न्यायालयाने ठरविले. वायोमिंग राज्य होण्यापूर्वी त्या डोंगरांत पिढ्यान्पिढ्या शिकार करणाऱ्यांचा एक माणूस सहा वर्षांच्या राज्यापुढे गुन्हेगार झाला.

2014 च्या जानेवारीत क्रो जमातीचे काही लोक मॉन्टानातील आपल्या राखीव भूमीत एल्कांच्या मागावर होते. कळप हद्द ओलांडून वायोमिंगच्या बिगहॉर्न रानात गेला, तेही गेले. त्यांनी एल्क मारले आणि मांस घरी नेले. त्यांपैकी एकावर खटला होऊन दंड आणि तीन वर्षे शिकारबंदी अशी शिक्षा झाली. वायोमिंगच्या हिशेबाने तो बाहेरचा होता. त्याच्या जमातीने 1868 साली तीन कोटी एकरांहून अधिक भूमी सोडली होती, ती शिकारीचा हक्क राखून. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की राज्य झाल्याने तो हक्क बुडत नाही. 1896 च्या निकालाचा आधार त्या दिवशी गेला, आणि बिगहॉर्नचे रान तहाच्या अर्थाने ‘मोकळे’ आहे की नाही एवढा प्रश्न घेऊन खटला पुन्हा वायोमिंगच्या न्यायालयांकडे गेला.